जिन्याचं फाटक

शाळेची वेळ झाली की ज्या पोरीचं डोकं दुखतं, तिचं दुखणं घरात कुणी मनावर घेत नाही. "रविवारी बरं दुखत नाही!" म्हणून मोठी माणसं एकमेकांकडे बघतात आणि हसतात. तुम्हीही कधीतरी हसला असाल. चष्मेवाल्यांच्या घरीही सगळे हसले होते.

चष्मेवाले म्हणजे बाजाराच्या वळणावरचं ते जुनं दुकान. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे अंधारा लाकडी जिना. दुकानात शिरलं की समोर अक्षरांचा तक्ता, टेबलावर भिंगांची पेटी आणि आतल्या खोलीत काच घासायच्या मशीनची घरघर. साठी कधीच उलटली होती, तरी चष्मेवाले काच स्वतःच घासायचे. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, एकेक भिंग घालायचं-काढायचं आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं?" हात इतका स्थिर की बघत राहावं. निम्म्या शहराला आपण दृष्टी दिली, असं ते सांगायचे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. बाहेर बोलायला गोड माणूस. घरात मात्र त्यांच्या शब्दापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

या घराचा एक नियम होता. जिन्याच्या वरच्या तोंडाशी कमरेएवढं लाकडी फाटक होतं, त्याला कडी. ती कायम लावलेली. पोरांनी जिन्यावर पळायचं नाही, कठडा सोडायचा नाही, एकट्याने उतरायचं नाही. पाहुणा आला तरी त्याला आधी कडी दाखवायची, मग पाणी विचारायचं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. चष्मेवाल्यांचा थोरला मुलगा, घरात त्याला राजा म्हणत, नऊ वर्षांचा असताना या जिन्यावरून पडला. डोक्याला मार लागला, दवाखान्यात नेला, तो परत आलाच नाही. तीस वर्षं झाली त्याला. तेव्हा बारा वर्षांची असलेली बहीण आता सासरी, दुसऱ्या गावी. चार वर्षांचा होता तो धाकटा आता बापाबरोबर दुकानात बसतो आणि स्वतःही बाप झाला आहे. त्याची मुलगी आठ वर्षांची. उभी राहिली की स्वतःभोवती गोल गोल फिरायची, म्हणून भिंगरी. तिला कळायला लागलं तेव्हापासून हेच ऐकत आली, "कडी लावलीस का? नाहीतर मोठ्या काकांसारखं होईल हं!"

तर या भिंगरीचं डोकं दुखायला लागलं. दुखायचं ते सकाळीच. कधी उलटी व्हायची, आणि उलटी झाली की मोकळं वाटायचं. शाळेची वेळ टळून गेली की बाईसाहेब खेळायला तयार.

"बघा, नाटकं!" बाप म्हणाला.

मग एके दिवशी ती दुकानात येऊन आजोबांसमोर उभी राहिली. मान एका बाजूला कलती करून एकटक बघायला लागली.

"काय गं, माझ्या तोंडावर सिनेमा चाललाय का?"

"आजोबा, तुम्ही दोन दिसता."

"अरे वा! मग खाऊही दोघांकडून घे."

चष्मेवाल्यांनी तिला उंच स्टुलावर बसवलं, तिच्या इवल्याशा नाकावर ती जड फ्रेम ठेवली आणि भिंगं बदलत राहिले. "हे बरं, की हे बरं?"

"दोन्हीत तुम्ही दोनच आहात," भिंगरी म्हणाली.

तरीही चष्मा झाला. गुलाबी काड्यांचा, छोट्याशा नंबरचा. महिन्याभराने नंबर बदलला. मग पुन्हा बदलला. सून, म्हणजे भिंगरीची आई, एकदा धीर करून म्हणाली, "बाबा, एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवू या का? रोज सकाळी उलटी होते हो तिला."

"डोळ्यांचं आता तू मला शिकवणार?" चष्मेवाले म्हणाले.

आता पुढचं नीट ऐका. मान कलती करून बघायची ती तऱ्हा चष्मेवाल्यांनी पूर्वी पाहिली होती. याच दुकानात, याच तक्त्यासमोर. राजा पडला त्याच्या आधी काही आठवडे तो असाच बघायचा, त्यालाही सकाळी उलटी व्हायची, आणि चालताना तो भिंत धरायला लागला होता. जिन्यावरून पडला तो तोल गेला म्हणून. तोल गेला तो डोक्यात गाठ होती म्हणून. दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढून ती गाठ दाखवली होती, कॅन्सरची आहे असं स्वच्छ सांगितलं होतं, आणि त्या गाठीनेच तो महिन्याभरात गेला. पडण्याने फार तर कपाळावर टेंगूळ आलं होतं.

हे त्या घरात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक, चष्मेवाल्यांची बायको, कधीच देवाघरी गेली होती. भिंगरीने मान कलती केली तेव्हा चष्मेवाल्यांना हे सगळं आठवलं नाही, असं नाही. आठवलं! आठवलं म्हणूनच ते आतल्या खोलीत गेले, मशीन सुरू केली आणि दुपारभर काचा घासत बसले.

भिंगरी पुढे शाळेच्या मैदानावर पडली. सपाट मैदान, कुणी ढकललं नाही, ठेचही लागली नाही. शाळेतून निरोप आला तशी सून कुणाला न विचारता पोरीला घेऊन परस्पर मोठ्या दवाखान्यात गेली. संध्याकाळी सगळं घर तिथल्या बाकावर बसलेलं होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथून माणसाचा तोल सांभाळला जातो तिथे लिंबाएवढी गाठ. लगेच ऑपरेशन झालं. गाठ जमली तेवढी काढली. ती कॅन्सरची निघाली.

या दवाखान्यात मुलांच्या कॅन्सरच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, बोलणं तुटक, पायात कॅनव्हासचे बूट. अर्धा दिवस वॉर्डात, अर्धा दिवस वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत. तिथे या गाठींवरच संशोधन चालायचं. त्यांनी आजोबा, मुलगा आणि सून या तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. भिंतीवर पांढरा फळा होता. काळा पेन घेऊन त्यांनी त्यावर घर मांडायला सुरुवात केली.

"मुलगा असेल तर चौकोन, मुलगी असेल तर गोल. जे गेले त्यांच्यावर तिरकी रेघ. आणि ज्याला असा काही आजार झाला, तो आतून काळा भरायचा." असं म्हणत त्यांनी सगळ्यात खाली एक छोटा गोल काढला आणि भरला. ती भिंगरी. "आता मला सांगा, घरात आणखी कुणाला कधी गाठ, कॅन्सर, मेंदूचा काही त्रास?"

"कुणालाही नाही," चष्मेवाले म्हणाले. बाकीच्यांनी तोंडही उघडलं नव्हतं.

"माझे एक दीर लहानपणी गेले," सून म्हणाली. "पण ते जिन्यावरून पडून."

डॉक्टरीणबाईंनी चौकोन काढला, रेघ मारली, आत रिकामा ठेवला. "पडण्याआधी काही दुखत होतं त्याचं?"

"ठणठणीत होता."

"आणि तुमची पत्नी?"

"तापाने गेली. चाळिशीही गाठली नव्हती बिचारीने."

रिकामा गोल, त्यावर रेघ. डॉक्टरीणबाईंनी त्या दोन रिकाम्या जागांवर एकेकदा पेनाचं टोक टेकवलं.

"आजोबा, मी पोलीस नाही. मी विचारते त्याला कारण आहे. काही घरांत हा आजार रक्तातून खाली येतो. मग एकाच घरात कुणाला मेंदूत, कुणाला छातीत, कुणाला हाडात गाठ होते. भिंगरीला आता किरणं द्यायची आहेत. पण तसं रक्त असलं तर तीच किरणं पुढे दुसरी गाठ उठवतात, म्हणून सगळा बेतच वेगळा करावा लागतो. प्रत्येक मुलाचं रक्त तेवढ्या खोलात तपासायला आमच्याकडे ना माणसं आहेत ना यंत्रं. कुणाचं तपासायचं, ते घरची माणसं काय सांगतात त्यावर आम्ही ठरवतो. सोमवारपासून किरणं सुरू करायची आहेत. आठवून बघा."

"आठवण्यासारखं काही नाही," चष्मेवाले म्हणाले.

"बरं. दुसरी गोष्ट. काढलेल्या गाठीचा एक तुकडा आम्ही संशोधनासाठी जपून ठेवू का?"

आता मात्र चष्मेवाले भडकले. "म्हणजे आमच्या पोरीवर प्रयोग करणार तुम्ही? काचेच्या बाटलीत घालून फळीवर ठेवणार?"

"बाबा..." मुलगा म्हणाला.

"बोलू द्या त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बोलून झालं की माझं ऐका. एके काळी ही गाठ झालेलं मूल वाचायचंच नाही. आज पुष्कळ मुलं वाचतात, शाळेत जातात, त्यांची लग्नंही होतात. हे कुठून आलं? आकाशातून पडलं? ज्यांची मुलं वाचली नाहीत, अशा आईबापांनी रडत रडत सांगितलं, ठेवा तुकडा, आमचं गेलं, दुसऱ्याचं तरी राहील. त्या तुकड्यांवर औषधं तपासली, कुठलं लागू पडतं ते पाहिलं, तेव्हा कुठे आज मी तुमच्या नातीला काहीतरी देऊ शकते. दुसऱ्यांच्या मुलांवर शिकलेलं चालतं, आजोबा, आणि आपल्यावरून कुणी शिकू नये, असं कसं? माझं सगळं शास्त्र लोकांच्या खऱ्या बोलण्यावर उभं आहे. तुम्ही मला चुकीचं सांगितलंत तर मी चुकीचं औषध देईन, आणि मला ते कळणारही नाही."

मुलाने आणि सुनेने तुकडा ठेवायला होकार दिला. चष्मेवाले खाली मान घालून बाहेर पडले.

तीस वर्षांपूर्वी असाच एक तरुण डॉक्टर अशाच लांबलचक व्हरांड्यात त्यांच्यामागे आला होता. तुकडा ठेवू का, घरच्यांचं रक्त घेऊ का, असं हळू आवाजात विचारत होता. चष्मेवाल्यांनी त्याला हात जोडले. "काही ठेवू नका, कुणाला सांगू नका. घरात मुलगी आहे माझी." मुलगी तेव्हा बारा वर्षांची. आज ना उद्या तिचं लग्न करायचं होतं. या घराण्यात डोक्याची गाठ आहे असं एकदा चार तोंडी झालं की कोण उंबरा चढणार? म्हणून पडणं तेवढं सांगितलं आणि बाकी गिळून टाकलं. शेजारी म्हणाले, "मग त्या जिन्याला काहीतरी करा की हो!" तेव्हा सुतार बोलावून फाटक बसवून घेतलं. खोट्याला कडी-कोयंडा लागला! बायको त्या फाटकाला हात लावायची नाही, वाट वाकडी करून कडेकडेने जायची. पुढे तिच्या छातीत गाठ झाली. तीही तिने पदराआड झाकली, फुटून पाणी यायला लागलं तेव्हा नवऱ्याला दाखवली, आणि ती गेल्यावर चष्मेवाल्यांनी लोकांना ताप सांगितला. एकदा जमलं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

आणि मुलीचं लग्न चांगल्या घरी झालं, बरं का! खोटं फळलं. माणूस यालाच शहाणपण म्हणतो.

ऑपरेशननंतर भिंगरीला पुन्हा चालायला शिकावं लागत होतं. वॉर्डाच्या टोकाला व्यायामाची खोली होती. तिथे चार पायऱ्यांचा एक लाकडी जिना होता, दोन्ही बाजूंना कठडे, कुठेच न जाणारा, नुसता चढायचा आणि उतरायचा. व्यायाम शिकवणारी ताई हसरी होती, पोरं तिच्यावर जीव टाकायची. भिंगरी सपाट जमिनीवर तिचा हात धरून चार पावलं टाकायची. पण पायरीपाशी आली की तिने पाय घट्ट रोवलेच म्हणून समजा.

शनिवारी आजोबा तिच्याबरोबर होते. ताई म्हणाली, "आजोबा, तुम्हीच सांगा हिला. कालपासून रडतेय. पायांत जोर आहे, पण चढत नाही."

चष्मेवाले गुडघ्यांवर बसले. डोक्याला पांढरी पट्टी, नाकावर तो गुलाबी चष्मा, आणि त्यामागून मान कलती करून भिंगरी त्यांच्याकडे बघत होती.

"काय झालं माझ्या भिंगरीला? एवढासा तर जिना."

"आजोबा, एक सांगू? आईला नाही सांगायचं."

"नाही सांगणार."

तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "मी कडी न लावता जिन्यावरून पळाले होते. दोनदा. तुम्ही झोपला होता. म्हणून मला हे झालं ना?"

"कुणी सांगितलं तुला असलं?"

"तुम्हीच. मोठ्या काकांसारखं होईल म्हणालात. तसंच झालं ना आता?" तिचा ओठ थरथरायला लागला. "मी परत नाही पळणार. मला बरं करा ना."

हे ऐकून त्या माणसाला काय झालं असेल! आठ वर्षांची पोर ऑपरेशन सोसून, उलट्या काढून, वर पुन्हा स्वतःलाच गुन्हेगार समजत होती. आणि तिच्या डोक्यात ते कुणी घातलं होतं? त्यांनी तिला उराशी धरलं, तिच्या पट्टीवर हनुवटी टेकली आणि मोठ्याने रडले. वॉर्डातल्या बायका वळून बघायला लागल्या. आयुष्यभर लोक काय म्हणतील म्हणून जगलेल्या त्या माणसाला त्या दिवशी कुणाचंच भान उरलं नव्हतं.

"नाही गं बाळा," ते म्हणाले. "जिन्याने काही झालं नाही. काकांनाही जिन्याने झालं नव्हतं. आजोबा खोटं बोलले होते."

भिंगरीने डोळे पुसले. थोडा विचार केला. "मग फाटक कशाला लावलंय?"

चष्मेवाल्यांनी तिचा हात ताईच्या हातात दिला. ते उठले आणि तडक डॉक्टरीणबाईंच्या खोलीकडे निघाले. वाटेत बाकावर बसलेल्या मुलाला आणि सुनेला म्हणाले, "चला माझ्याबरोबर."

फळ्यावर आता दुसऱ्याच कुणाचं तरी घर होतं. "आमचं पुन्हा काढा," ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी काही न विचारता फळा पुसला आणि काढलं. चष्मेवाल्यांनी त्यांच्या हातातून पेन घेतला. त्यांनी राजाचा चौकोन भरायला घेतला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कुठे पांढरं राहू न देता. मग बायकोचा गोल भरला.

"डोक्यात गाठ होती त्याच्या," ते फळ्याकडे बघतच म्हणाले. "आणि हिच्या छातीत. ताप नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला आणि सोमवारची किरणं थांबवा, रक्त पाठवायचंय, एवढंच सांगितलं.

मग मुलगा फुटला. "तीस वर्षं! तीस वर्षं मी त्या जिन्याला घाबरून जगलो, बाबा! माझ्या लेकीला मी फाटकाआड वाढवलं! दादाचं आणि आईचं खरं सांगायला तुम्हाला एवढी लाज वाटली?"

"तुझ्या ताईचं लग्न व्हायचं होतं..."

"ते होऊन किती वर्षं झाली? नंतर का नाही सांगितलंत?"

सुनेचा आवाज मात्र चढला नाही, आणि तेच जास्त लागलं. ती म्हणाली, "ती तुम्हाला म्हणाली होती, आजोबा तुम्ही दोन दिसता. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो," चष्मेवाले म्हणाले.

"आणि तुम्ही तिला चष्मा दिलात."

"हो."

ती उठून भिंगरीकडे निघून गेली. त्या दिवसापासून तिने सासऱ्याला वेळेवर जेवायला वाढलं, कपडे धुऊन दिले, औषधं दिली, पण बाबा म्हणून हाक मारली नाही.

रक्ताचं उत्तर आलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं होतं तेच निघालं, भिंगरीच्याही आणि तिच्या बापाच्याही रक्तात. बेत बदलला, औषधं बदलली. भिंगरी मधे थोडी सावरली, चार पायऱ्यांचा जिना कठडा न धरता चढली आणि वर उभी राहून तिने एक अर्धीमुर्धी गिरकीही घेतली. वॉर्डातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आजार तोवर पाठीच्या कण्यात उतरलेला होता. सहा महिन्यांनी ती गेली. खोटं कशाला बोलायचं? काही गोष्टींत पश्चात्ताप झाला म्हणून मूल वाचत नाही.

"दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर?" सुनेने विचारलं.

डॉक्टरीणबाई खरं बोलणाऱ्या होत्या. "सांगता येत नाही. कदाचित वाचली असती, कदाचित नाही. पण तिला संधी मिळाली असती, एवढं नक्की." मग त्यांनी सुनेचे दोन्ही हात हातात घेतले. "तिचा तुकडा आमच्याकडे आहे. त्यावर काम चालू आहे. आज मी तुम्हाला एवढंच सांगू शकते."

फळा भरला त्याच दिवशी संध्याकाळी चष्मेवाल्यांनी मुलीला फोन केला होता. सगळं सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. व्हायचं ते रामायण तिच्या सासरी झालंच. "फसवून मुलगी आमच्या गळ्यात बांधली," असं सासू चारचौघांत म्हणाली. पण मुलगी खंबीर निघाली. ती कुणाचं न ऐकता आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याच दवाखान्यात आली. दोघांचं रक्त तपासलं. दोघांतही तोच दोष निघाला. पोराला काहीच त्रास नव्हता, डोकं दुखत नव्हतं, फुटबॉल खेळत होता. तरी डोक्याचा फोटो काढला आणि त्यात वाटाण्याएवढा ठिपका दिसला. एवढा लहान की आणखी वर्षभर तरी कुणाला पत्ता लागला नसता. तो काढला. पोरगा आज धडधाकट आहे. दर काही महिन्यांनी तपासणी असते, त्याचीही आणि तिचीही, आणि ती आता जन्माची आहे.

भिंगरी गेल्यावर मुलाने एका सकाळी पाना-हातोडी घेऊन ते फाटक उखडलं. बिजागऱ्यांची भोकं लाकडात तशीच राहिली. चष्मेवाले खाली दुकानात बसून ती ठोकाठोक ऐकत होते.

पुढे बऱ्याच दिवसांनी मुलगी माहेरी आली. दुकानात गर्दी होती, म्हणून दाराशीच उभी राहिली. समोर एक बाई आपल्या पोराला पुढे ढकलत होती. "जरा नंबर बघा हो याचा. शाळेची वेळ झाली की डोकं दुखतं म्हणतो. आणि हल्ली मान वाकडी करून टीव्ही बघतो. फॅशन आहे नुसती!"

चष्मेवाल्यांनी फ्रेम हातात घेतली होती, ती खाली ठेवली.

"उलटी होते का रे सकाळी?"

"कधी कधी," पोरगा म्हणाला.

"बाई, मी याला चष्मा देणार नाही. आधी दवाखान्यात न्या, डोक्याचा फोटो काढा."

"काय अभद्र बोलता हो!" बाईचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "चष्म्याच्या दुकानात आलेय मी!"

"बहुतेक वेळा काही निघत नाही. नाही निघालं तर येऊन मला चार शिव्या द्या, चष्मा फुकट देईन." मग ते उभे राहिले आणि भरल्या दुकानात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "माझा मुलगा जिन्यावरून पडून गेला नाही. डोक्यात कॅन्सरची गाठ होती. बायको छातीतल्या गाठीने गेली. माझी नात इथे, या स्टुलावर बसून मला सांगत होती, आणि मी तिला गुलाबी चष्मा दिला. तुम्ही तरी तसं करू नका!"

बाईने पोराचा हात ओढला आणि तरातरा निघून गेली. कुठे गेली, दवाखान्यात की पुढच्या दुकानात, कुणास ठाऊक. बाकीची गिऱ्हाइकं खाली बघायला लागली. एकाने तर हळूच काढता पाय घेतला.

चष्मेवाल्यांना तेव्हा दाराशी मुलगी दिसली. "कधी आलीस? पोरगा कसा आहे?"

"बरा आहे. सांगायलाच आले होते." तिने जिन्याकडे, त्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं. "आत्ता बोललात तसं आधी बोलला असतात बाबा, तर भिंगरी असती कदाचित. माझं लग्न झालं नसतं तरी चाललं असतं मला."

"मला माफ कर, बाळ."

"माझा मुलगा वाचला तुमच्या बोलण्याने. हे मी विसरणार नाही." तिने जिन्यापाशी चपला काढल्या. "पण माफ करायचं म्हणाल, तर ते वहिनीच्या हातात आहे. माझ्या नाही." आणि ती जिना चढून वर वहिनीकडे गेली.

मंडळी, हसू नका आणि हळहळून मोकळेही होऊ नका! असं एखादं फाटक तुमच्याही घरात असेल. कुणी 'तापाने' गेलेलं असेल, कुणी 'पडून', कुणाचं नावच काढायचं नसेल. मुलीचं लग्न, घराण्याचं नाव, शेजारी काय म्हणतील, या सगळ्यांना जपता जपता आपण जिवंत पोरांना अंधारात ठेवतो. आजार लपवल्याने बरा होत नाही, तो नुसता पुढच्या पिढीत जाऊन उभा राहतो. तिकडे प्रयोगशाळेत माणसं रात्रंदिवस डोळे फोडून उपाय शोधत आहेत, आणि इकडे आपण त्यांना पहिल्याच प्रश्नाला खोटं उत्तर देतो! तेव्हा घरात कोण कशाने गेलं, ते आज जेवायला बसाल तेव्हा पोराबाळांना सांगून टाका. मूल दुखतं म्हणालं तर विश्वास ठेवा. आणि डॉक्टरने विचारलं, तर आधी खरं सांगा, मग काय रडायचं ते रडा.